घातले बासष्ट, निघाले अडुसष्ट



लागणीच्या नोंदी घेत शिवारात फिरताना हल्ली एक प्रश्न आमच्या कानी हमखास पडतो. "साहेब, पोरगी बारावीला आहे. रसायनात मार्क पडत नाहीत. आणखी एक क्लास लावू काय?" उसाचे बिल हाती येण्याआधीच त्याची वाट ठरलेली असते. म्हणून आज या पानावर खत-पाण्याऐवजी परीक्षेविषयी लिहीत आहोत.

मागल्या हंगामात एका सभासदाची मुलगी वडिलांबरोबर गट कार्यालयात आली होती. हातात सराव प्रश्नांचे पुस्तक. आम्ही मोठेपणाने म्हणालो, "आण इकडे, बघू." प्रश्न असा: ५६ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन यांपासून जास्तीत जास्त किती अमोनिया होईल? आम्ही मोल काढले. नायट्रोजनचे २, हायड्रोजनचे ३. दोन हे तिनाहून कमी, तेव्हा नायट्रोजनच तोकडा, असे धरून उत्तर सांगून टाकले, ६८ ग्रॅम. मुलगी हळूच म्हणाली, "काका, घातले बासष्ट, मग निघाले अडुसष्ट कसे?"

आम्ही ओशाळलो. वजनकाट्यावर असा फरक पडला तर सभासद आम्हांला उभे करतील काय?

खरे गणित असे. एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो. इथे हायड्रोजन तीनच मोल, म्हणून नायट्रोजन एकच मोल कामी येतो. अमोनिया होतो २ मोल, म्हणजे ३४ ग्रॅम, आणि २८ ग्रॅम नायट्रोजन तसाच उरतो. ३४ आणि २८ मिळून ६२. ताळा जमला. तीन बैलगाड्या आणि चार बैल असले, तर बैल संख्येने जास्त असूनही गाड्या दोनच जुंपतात, हे गाडीवानाला सांगावे लागत नाही. पुस्तकात दिसले की मात्र आपण बिचकतो.

आमचे मत स्पष्ट आहे. क्लासला आमचा विरोध नाही. पण सोडवलेले गणित पाहणे वेगळे आणि स्वतः सोडवणे वेगळे. बांधावर उभे राहून पाणी पाहिल्याने दारे धरता येत नाहीत. मोबाईलवर दुसऱ्याने सोडवलेली पन्नास गणिते पाहण्यापेक्षा, उत्तर झाकून पाच गणिते कागदावर सोडवावीत. प्रत्येक आकड्यापुढे ग्रॅम, मोल, लिटर हे एकक लिहावे. शेवटी ताळा घ्यावा. चुकलेले गणित वेगळ्या वहीत उतरून आठवड्याने पुन्हा सोडवावे.

वेळेचेही भान हवे. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात. नीटमध्ये रसायनाचे ४५ प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. दोन्हीकडे कॅल्क्युलेटर चालत नाही. हाताला सवय नसेल तर नुसते पाठांतर तिथे पुरे पडत नाही.

सरावाला साहित्य घरातच आहे. युरियाचे रेणुवस्तुमान ६०, त्यात नायट्रोजन २८. म्हणजे शेकडा सुमारे ४६.७. गोणीवर ४६ टक्के छापतात, ते इथून आले. मग ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन किती? २०.७ किलो. आम्ही हा ४६ चा आकडा वर्षानुवर्षे सभांतून सांगत आलो, पण तो येतो कुठून हे कधी मांडून दाखवले नाही, ही आमची कसूर.

आता पालकांना एक सांगणे, राग मानू नये. रात्रीची वीज आली की बारावीच्या पोराला दारे धरायला धाडायचे आणि सकाळी मार्कांचा जाब विचारायचा, हे न्यायाचे नाही. परीक्षेपुरते चार महिने ती पाळी आपण घ्यावी. मुलगी असेल तर तिचीही चुलीपुढची पाळी कोणीतरी उचलावी. "किती मार्क पडले?" असे विचारण्यापेक्षा "आज कुठले गणित अडले?" असे विचारावे. उत्तर आपल्याला समजले नाही तरी चालेल. सांगता सांगता पुष्कळदा मुलालाच आपली चूक सापडते.

त्या मुलीने आमची चूक दाखवली, त्याचे आम्हांला वाईट वाटले नाही. उलट, ताळा घेणारी पोरे आपल्या गावात आहेत याचा आनंदच झाला.