नव्वद अंशांच्या पुढचा गुडघा

गुडघ्याची वाटी आडवी फुटली तर ती कशाने जोडावी? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली याचं उत्तर न्यूटनमध्ये दिलं. मृतदेहांच्या गुडघ्यांतल्या वाट्या मुद्दाम तोडून तीन तऱ्हांनी जोडल्या आणि जोड तुटेपर्यंत ताण दिला. दोन पिना आणि पुढून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवलेली तार, ही नेहमीची जोडणी सरासरी ३९५ न्यूटनला हरली. नुसते स्क्रू ५५४ पर्यंत टिकले. पोकळ स्क्रूंमधून तार ओवून केलेली जोडणी ७३२ पर्यंत गेली. ढोबळ हिशेबात चाळीस किलो आणि पंचाहत्तर किलो यांच्यातला हा फरक आहे.

आकडे चोख आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांवरून लावल्या जाणाऱ्या क्रमवारीशी.

वाटीचं दुखणं मुळात ओढाताणीचं. मांडीचा पुढचा स्नायू तिला वर खेचतो आणि खालचा स्नायुबंध नडगीशी धरून ठेवतो. मध्येच हाड तुटलं की दोन तुकडे एकमेकांपासून लांब पळतात, आणि मग प्लास्टर बिचारं काय करणार? म्हणून शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टरने १८७७ मध्ये लंडनला जंतुनाशक खबरदारी घेऊन फुटलेली वाटी चांदीच्या तारेने बांधली. पुढे जर्मनीच्या पॉवेल्स या अस्थिशल्यचिकित्सकांनी यंत्रशास्त्रातलं तत्त्व हाडांना लावलं. तार हाडाच्या पुढच्या अंगाने बांधली, तर गुडघा वाकताना पुढे पडणारा ताण मागच्या, सांध्याकडच्या बाजूला दाब होऊन पोचतो. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात तो दाब कितपत मिळतो, याबद्दल प्रयोगशाळांनीच अलीकडे शंका काढल्या आहेत.

आता जोडणीची अशी चाचणी सहसा कशी होते ते पाहा. गुडघा चौकटीत बसवायचा, मांडीच्या स्नायूचा कंडरा चिमट्यात धरायचा. तो ओला नि बुळबुळीत, ताण वाढला की निसटतो, म्हणून पुष्कळदा तो चिमट्यातच गोठवतात. मग मोटर पाय सरळ करते, वाकवते, पुन्हा सरळ करते, शेकडो वेळा. तुकड्यांमधली फट दोन-तीन मिलिमीटर झाली की जोडणी नापास. अशा बहुतेक चाचण्यांत गुडघा सरळपासून फार तर नव्वद अंशांपर्यंत फिरतो. खुर्चीवरून उठणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

आपल्याकडे मात्र उकिडवं बसावं लागतं, भारतीय पद्धतीच्या शौचालयात, शेतात खुरपताना, चुलीपुढे. तिथे गुडघा नव्वदच्या बराच पुढे जातो. १९७२ च्या एका जुन्या मोजणीत वाटीमागचा दाब सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिना चढताना तिपटीहून जास्त आणि खोल बैठकीत सात-आठ पट आला होता. त्यात गुंतागुंत अशी की गुडघा खूप वाकला की कंडराच मांडीच्या हाडावर टेकतो आणि काही भार स्वतः उचलतो. वाटीचा टेकणारा भागही वरच्या कडेकडे सरकतो. म्हणजे नव्वद अंशांचा निकाल तसाच पुढे ओढून एकशे तीसवर लावता येत नाही. ते मोजावंच लागेल.

शिवाय वाटीवर मांसाची गादी नाही, कातडीखाली लगेच हाड. पिनांची टोकं टोचतात, तार बोटाला लागते, आणि हाड जुळून आल्यावरही ती काढायला पुन्हा टेबलावर जावं लागणारे रुग्ण कमी नाहीत. न्यूटनच्या मोजपट्टीत हा त्रास कुठेच उतरत नाही. जमिनीवर गुडघे टेकून पूजा किंवा नमाज करणाऱ्याला तो रोज जाणवतो. तारेऐवजी वाटीवर बसवायच्या महागड्या धातूच्या प्लेटची भलामण ऐकताना एवढं विचारावं, की ती टोचते का आणि काढावी लागते का. आणि नीट बसवलेली स्वस्त तार अजूनही पुष्कळांचे गुडघे सांभाळते, हे खर्चाचा अंदाज देताना रुग्णाला सांगायला हवं.

आपल्या तंत्रशिक्षण संस्थांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून ही चाचणी एकशे तीस अंशांपर्यंत करावी. यंत्राचा हात थोडा लांबवावा लागेल, चौकट नव्याने बांधावी लागेल. तोवर ऑपरेशनआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घरी कमोड नाही, जेवण जमिनीवर बसूनच होतं आणि काम वाकून करायचं आहे.