फुकट ते पौष्टिक?

'फुकट ते पौष्टिक' असे आपण मराठी माणसे गमतीने म्हणतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र ही गंमत आपण फारच मनावर घेतली आहे. नकाशे फुकट, व्हिडिओ फुकट, निरोप फुकट, ज्ञानकोशही फुकट. उद्या यातल्या एखाद्या संकेतस्थळाने महिन्याला पन्नास रुपये मागितले, तर आपण देऊ का?

संध्याकाळच्या प्रेपनंतर मी हा प्रश्न हाउसमधल्या मित्रांना विचारला. बहुतेकांचे उत्तर माझा प्रश्न संपायच्या आतच आले, "छे! दुसरी साइट शोधू." एकाने मात्र उलट विचारले, "कुठली साइट, ते आधी सांग." मला हा उलट प्रश्न फार आवडला. कारण ज्या साइटला पर्याय आहे, तिला कोणी पैसे देणार नाही. जिच्यावाचून आपले अडेल, तिचाच विचार होईल.

अनुभवही तेच सांगतो. व्हॉट्सॲप एके काळी वर्षाला साधारण एक डॉलर शुल्क सांगत असे. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने ते बंद केले. अनेकांकडे पैसे भरण्यासाठी कार्डच नाही, असे एक कारण तिने दिले होते. यूट्यूबची जाहिरातींशिवायची सेवा भारतात मार्च २०१९ मध्ये आली, तेव्हा तिचा दर महिन्याला १२९ रुपये होता. तरीही आपल्यापैकी बहुतेक जण जाहिरात वगळण्याच्या बटणाकडे डोळे लावून बसतात. आता यूपीआय आल्यापासून कार्ड नसल्याची सबब फारशी उरलेली नाही. दहा रुपयांचा चहासुद्धा आपण मोबाइलवरून घेतो. म्हणजे अडचण पैसे देण्याच्या सोयीची नाही, सवयीची आहे. एक रुपया आणि दोन रुपये यांत फारसा फरक वाटत नाही, पण फुकट आणि एक रुपया यांत मात्र डोंगराएवढा वाटतो.

पण मित्रांनो, फुकट म्हणजे खर्चच नाही, असे नसते. आपल्या मेसमध्ये जेवताना कोणी बिल आणून देत नाही, म्हणून भाजी, गॅस आणि आचाऱ्याचा पगार काय आकाशातून पडतो? कोणीतरी भरतोच. संकेतस्थळांचेही तसेच आहे. प्रश्न एवढाच, की भरतो कोण?

बहुतेक ठिकाणी जाहिरातदार भरतो. आणि 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' हे ओघाने आलेच. वाचनालयात येणारे वर्तमानपत्रही जाहिरातींमुळेच स्वस्त मिळते, हे खरे. पण वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला आपल्याला कोण वाचते आहे, हे कळत नसे. मोबाइलवरच्या जाहिरातीला ते कळते. आपण काय शोधले, कुठे थांबलो, किती वाजता झोपलो, याची नोंद हीच तिथली किंमत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने युरोपातील लोकांपुढे पर्याय ठेवला. जाहिराती पाहा, नाहीतर संगणकावर वापरण्यासाठी महिन्याला ९.९९ युरो द्या. फुकट वस्तूवर किमतीची चिठ्ठी लागली ती अशी.

वर्दी घालू इच्छिणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी तर हा विषय अधिक गंभीर आहे. स्ट्राव्हा हे धावणाऱ्यांचे ॲप फुकटही वापरता येते. त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस जगभरातील वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की अफगाणिस्तान आणि सीरियासारख्या देशांतील लष्करी तळ त्यात उजळून दिसत आहेत. सैनिक रोजचा व्यायाम करत होते, आणि नकाशा त्यांच्या छावण्यांची आखणी दाखवत होता. जुलै २०२० मध्ये आपल्या लष्करानेही फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढून टाकण्याचा आदेश जवानांना आणि अधिकाऱ्यांना दिला. पैसे दिले की माहिती आपोआप सुरक्षित होते, असे मी म्हणत नाही. पण ग्राहकाला निदान जाब विचारता येतो. फुकट्याला कोण विचारतो?

मग सगळ्याच साइटना शुल्क लावावे का? माझे उत्तर आहे, नाही. आमच्या वर्गातील कित्येक जण एनडीएच्या परीक्षेची तयारी फुकट व्याख्याने ऐकून करतात. सुट्टीत गावी गेल्यावर क्लासची फी भरणे प्रत्येकाच्या घरी परवडत नाही. शेतकऱ्याच्या आणि जवानाच्या मुलाला शहरातल्या मुलाबरोबर एका रांगेत उभे करण्याचे काम इंटरनेटने केले आहे. तिथे दारावर तिकीट लावले, तर रांग पुन्हा मोडेल. पन्नास रुपये एका साइटचे, पण अशा दहा साइट झाल्या की महिन्याचे पाचशे होतात. ही रक्कम सर्वांसाठी लहान नाही.

दार उघडे ठेवूनही खर्च भागवता येतो, याची उदाहरणे आपल्याजवळच आहेत. आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटेल उपक्रमातील व्याख्याने कोणीही विनामूल्य पाहू शकतो, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल त्यानेच शुल्क भरायचे. मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचता येतो, कारण त्याचा खर्च सरकार, म्हणजे कर भरणारी जनता करते. आणि विकिपीडिया तर २००१ पासून एकही जाहिरात न लावता उभा आहे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्यावरचे लेख स्वयंसेवक लिहितात आणि ही सारी यंत्रणा चालवण्याचा खर्च मुख्यतः वाचकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून निघतो. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे. प्रकल्पाची वही भरताना आपण या तळ्यातून कितीदा पाणी प्यायलो, आणि त्यात एक थेंब तरी टाकला का?

वर्गणी ही कल्पना आपल्याला नवी नाही. गावचा गणपती वर्गणीवर बसतो. गुरुद्वारातल्या लंगरमध्ये तुम्ही किती दिलेत, असे कोणी विचारत नाही, तरी ताट कोणाचेच रिकामे राहत नाही. ज्याला शक्य आहे तो देतो, म्हणून ज्याला शक्य नाही तोही जेवतो. ज्ञानाच्या संकेतस्थळांना हाच न्याय लावावा, असे माझे मत आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक हाउसने सत्राच्या शेवटी बसून ठरवावे, की यंदा आपल्याला सर्वांत जास्त उपयोगी पडलेले, देणगीवर चालणारे संकेतस्थळ कोणते. मग ज्याला जमेल त्याने पॉकेट मनीतून कॅन्टीनच्या एका समोशाएवढी वर्गणी द्यावी. सक्ती नको, नावांची यादीही नको. जमा झालेली रक्कम हाउसमास्टर सरांमार्फत पाठवावी. ती मोठी नसेल, पण निवड करताना होणारी चर्चा मोलाची ठरेल. कोणती साइट आपल्याला शिकवते आणि कोणती नुसता वेळ खाते, हे त्या निमित्ताने आपल्यालाच कळेल.

आम्ही बारावीचे कॅडेट काही महिन्यांत येथून बाहेर पडू. कोणी अकादमीत जाईल, कोणी कॉलेजात. आज संगणक कक्षात तासाच्या हिशेबाने मिळणारे इंटरनेट तेव्हा दिवसरात्र खिशात असेल आणि नजर ठेवायला सर नसतील. तेव्हा प्रत्येक फुकट गोष्टीला एकच प्रश्न विचारायची सवय आतापासून लावून घेऊ या, 'याचे पैसे कोण भरतो आहे आणि कशासाठी?' उत्तर पटले तर वापरावे, जमेल तेव्हा आपला वाटाही द्यावा. नाही पटले, तर सरळ पाठ फिरवावी.