भाड्याचा डबा, घरचा डबा

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. समोरच्या काकूंचा निरोप आला, “सरांना म्हणावं जरा येऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे.” काकूंचं पाच मिनिटांचं काम म्हणजे चहा, चकली आणि किमान पाऊण तास, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण काकू प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि शिक्षकानं शिक्षकाला बोलावलं की जावंच लागतं. गेलो.

पाहतो तर केबलचा पोरगा खुर्चीत बसलेला. हा पोरगा टीव्हीच्या केबलच्या काळापासून आमच्या गच्च्यांवरून उड्या मारतोय, आता इंटरनेटची वायरही तोच ओढतो. मला बघताच म्हणाला, “सर, तुमीच सांगा काकूंना. स्पीड चाळीसचं शंभर होतंय, पैसे तेवढेच. पण ह्यो जुना डबा चालत न्हाई बगा. नवा घ्यायचा तर अठ्ठावीसशे, न्हाईतर म्हैन्याला शंभर भाडं.”

काकूंचा प्रश्न एवढाच होता, “घेऊ का भाड्यानं ठेवू?” पण त्यामागची गोष्ट मोठी होती. त्यांचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. व्हिसाच्या भानगडीत तीन वर्षं झाली, येणं झालेलं नाही. काकांना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, बोलणं जवळजवळ गेलंच. दर रविवारी सकाळी मुलगा आणि नातू व्हिडिओवर येतात. काका बोलत नाहीत, नुसते बघतात. नातवाच्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळतं आणि ते मान हलवतात. आणि नेमकं त्याच वेळी चित्र थिजतं. “पोराचं तोंड उघडं ते उघडंच राहतं हो,” काकू म्हणाल्या, “आणि हे मग भिंतीकडं तोंड करून झोपतात.” आवाज तुटला तर आपण ‘हॅलो हॅलो’ म्हणून निभावून नेतो. काकांचा सगळा संवादच चित्रावर चाललेला. म्हणून काकूंना शंभरचं स्पीड हवं होतं, आणि म्हणून निवृत्तिवेतनातून अठ्ठावीसशे काढायचीही तयारी होती.

आता इथं मला माझीच एक जुनी फजिती सांगितली पाहिजे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. केंद्र सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या होती. जानेवारी २००५ मध्ये ‘बीएसएनएल’चं डेटावन सुरू झालं आणि आपल्यासारख्या गावांतून लोक हळूहळू डायल-अपच्या किर्रर्र आवाजातून सुटले. १ जानेवारी २००७ पासून तोच वेग त्याच पैशात दोन मेगाबिटपर्यंत गेला. केवढा आनंद झाला होता! पण महिन्याचा कोटा होताच. म्हणजे नळ आठपट मोठा झाला आणि टाकी तेवढीच राहिली, महिन्याचं पाणी आठवड्यात संपायचं. त्या काळी काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोफत असायचं, तेव्हा दोनचा गजर लावून उठणारी आणि काहीबाही डाउनलोडला लावून परत झोपणारी मंडळी माझ्या ओळखीत होती. (त्यांतला एक मीच.)

तर २००७ च्या जूनमध्ये मी जोडणी घेतली. कंपनीचं नाव कशाला सांगू? मोडेम विकत घेतला तर पंधराशे, भाड्यानं महिना शंभर. नवी नोकरी, नवा संसार, पंधराशे जड वाटले, भाड्यावर सही केली. २०१३ च्या मे महिन्यात जोडणी काढून टाकली तेव्हा एकदा बसून हिशेब केला. बहात्तर महिने, सात हजार दोनशे रुपये, वर सेवाकर वेगळा. पंधराशेच्या वस्तूला! आणि वर्गात मी त्याच वर्षी भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च शिकवत होतो. बायकोनं तो कागद जपून ठेवलाय. मी कुणाला आर्थिक सल्ला देऊ लागलो की ती आतून नुसती खोकते.

या अनुभवामुळे काकूंना ताबडतोब “विकत घ्या” म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी आधी मोबाईल काढला आणि वेग मोजला. टीव्हीशेजारी, डब्यापासून दोन हातांवर, अडतीस आला. चाळीस म्हणून पैसे घेतात, अडतीस देतात, तक्रारीला जागा नाही. मग काकांच्या खोलीत गेलो. काकूंचं घर जुनं, त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. मधल्या भिंती चिऱ्याच्या, दीड हात रुंद. बाहेरची खोली, माजघर आणि त्याच्या मागं काकांची कॉट. कॉटवर बसून मोजलं तर दोन. पुन्हा मोजलं, दीड. आणि आपल्याकडून तिकडे जाणारा वेग एकाच्याही खाली.

व्हिडिओवर बोलायला चांगल्या चित्रासाठी दोन ते चार मेगाबिट पुरतात. काकूंच्या घरात त्याच्या दसपट येत होते, फक्त ते भिंतीच्या अलीकडे थांबत होते. शंभरचं काय, पाचशेचं स्पीड घेतलं असतं तरी काकांच्या कॉटपर्यंत फार फरक पडला नसता. उलट गंमत अशी, की नवे डबे दोन लहरींवर चालतात, एक २.४ गिगाहर्ट्‌झची आणि एक ५ ची. पाचची वेगवान असते, पण भिंती ओलांडायला ती २.४ पेक्षाही कमजोर. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्या-दगडाच्या घरांत पाचची लहर माजघरापर्यंत पोचली तरी पुष्कळ.

आणखी एक घोळ मी नेहमी बघतो. शंभर मेगाबिट म्हणजे शंभर एमबी नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर मेगाबिटच्या वायरीतून सेकंदाला साडेबारा एमबी येतात. जाहिरातीत बिट, फाइलवर बाइट. शेरातलं दूध आणि लिटरमधला भाव, असा तो प्रकार आहे. फसवणूक म्हणता येत नाही, पण गिऱ्हाईक चुकलं तर कुणी दुरुस्त करायला धावतही नाही.

आता भाडं की खरेदी. हा प्रश्न मी त्या रविवारी काकूंच्या मुलालाच विचारला. तो म्हणाला, तो पूर्वी केबल कंपनीला मोडेमचं भाडं महिन्याला पंधरा डॉलर देत होता. वर्षाचे एकशे ऐंशी. शेवटी दुकानातून स्वतःचा मोडेम आणला आणि भाड्याचा परत करून आला. तिकडे हे जमतं, कारण टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट नेण्याचं एक ठरलेलं मानक आहे, त्याला डॉक्सिस म्हणतात. १९९७ साली त्याची पहिली आवृत्ती आली, २००६ मध्ये तिसरी, २०१३ मध्ये ३.१. मानक जाहीर असल्यानं कुणीही मोडेम बनवावा, कंपनीच्या मान्य यादीत तो असला की झालं. अर्थात तिथंही वेग वाढवला की जुना मोडेम आडवा येतो. तिसऱ्या आवृत्तीच्या मोडेममध्ये एका वाहिनीतून साधारण अडतीस मेगाबिट येतात आणि मोडेम जितक्या वाहिन्या एकदम धरतो तितका वेग. चार वाहिन्यांचा मोडेम ठेवून तीनशेचे पैसे भरणारे तिकडेही आहेत. आणि स्वतःचं उपकरण वापरणाऱ्यालाही भाडं लावण्याचे प्रकार तिकडे झाले, म्हणून २०१९ च्या अखेरीस अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला. जे उपकरण कंपनीनं दिलंच नाही त्याचं भाडं घ्यायचं नाही, हे डिसेंबर २०२० पासून कायद्यानं लागू झालं. एवढं उघड न्यायाचं वाक्यसुद्धा कायद्यात लिहावं लागतं!

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. इथं मोठी शहरं सोडली तर टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट फारसं आलंच नाही. केबलवाल्यांनी गच्चीवरून निळ्या वायरी नेल्या आणि नंतर फायबर. फायबरच्या टोकाला जो डबा लागतो तो केबलवाल्याच्या यंत्राशी जोडावा लागतो, त्याचा क्रमांक तिकडे नोंदवावा लागतो. म्हणजे अठ्ठावीसशे देऊन आपण घेतलेला डबा उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेलो तर चालेलच असं नाही. काहींवर कुलूपच असतं. मग ती खरेदी कसली, ती तर आगाऊ भरलेलं भाडं झाली.

हिशेब मांडून बघा. महिना शंभर, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकशे अठरा. अठ्ठावीसशे भागिले एकशे अठरा, पावणेचोवीस महिने. दोन वर्षं झाली की खरेदी स्वस्त, असं कागद म्हणतो. पण हमी एक वर्षाची. आणि आपल्याकडचा वळीव! एप्रिल-मेमध्ये चारच्या सुमारास ढग भरून आले की पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून वीज घरात शिरायची आणि गल्लीतले पाच-सहा मोडेम एकदम जायचे. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही हे खरं, पण डब्याचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या प्लगमध्येच असतो. भाड्याचा डबा जळला तर केबलवाला बदलून देतो, निदान द्यायला हवा. आपला जळला तर आपण आणि आपलं नशीब.

बहात्तर महिने भाडं भरलेल्या माणसानं हे म्हणावं यात गंमत आहे खरी, पण माझं मत आता असं झालंय. जो डबा कंपनीच्या वायरीशी बोलतो तो कंपनीचाच असू द्यावा, भाड्यानं म्हणा, अनामतीवर म्हणा. अनामत बरी, पण पावती पाहिजे. माझे एका केबलवाल्याकडे हजार रुपये अडकले ते कायमचेच, कारण पावती मी कुठल्यातरी पुस्तकात ठेवली आणि पुस्तक कुणीतरी नेलं. आणि घरात वाय-फाय पसरवणारा राउटर मात्र स्वतःचा घ्यावा. तो कुठल्याही कंपनीच्या डब्याला जोडता येतो, घर बदललं तरी बरोबर येतो. फक्त घेताना त्याची भोकं तपासा. मी दोनशेची योजना घेऊन चार महिने चौऱ्याण्णवच्या वर गेलो नाही. केबलवाल्याशी भांडलो, आवाज चढवला. शेवटी त्याच पोरानं राउटर उलटा करून दाखवलं, “सर, ह्यो पोर्टच शंभरचा हाय.” स्वस्त म्हणून मीच आणला होता. त्याची क्षमा मागितली, चहा पाजला. २०२० च्या टाळेबंदीत मी याच राउटरवर तास घेत होतो. पोरं माळावर झाडाखाली बसून ऐकायची, त्यामुळे तेव्हा अडचण माझ्याकडे आहे की त्यांच्याकडे हेच कळायचं नाही.

असो. काकूंकडे परत येतो. मी पोराला म्हटलं, “बाबा, डबा नवा नको, जागा नवी दे. फायबर मागच्या खोलीपर्यंत ने.” त्यानं डोकं खाजवलं. “तिकडं वायर वळवायला लागती सर, फायबर मोडतंय फार वळलं की.” पण मग शिडी लावून त्यानं कौलांच्या कडेनं बारा मीटर वायर नेली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं आणि डबा काकांच्या कॉटच्या वरच्या फळीवर, दत्ताच्या तसबिरीशेजारी ठेवला. तीनशे रुपये. टीव्हीला आता सिग्नल कमी येतो, पण काकू म्हणतात, तेवढंच मालिका कमी.

जुन्या डब्याची अनामत दीड हजार भरली होती. पावती शोधायला काकूंना एक मिनिटही लागलं नाही, विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये, तारखेनुसार, शिक्के मारलेली. मी मुकाट्यानं बघितली आणि परत दिली.

रविवारी मी मुद्दाम गेलो नाही, ती त्यांची वेळ असते. अकराच्या सुमारास काकूच आल्या, वाटीत पुरणाची कडकणी घेऊन. “एकदाही थांबलं नाही,” म्हणाल्या. “नातवानं सायकल चालवून दाखवली, ह्यांनी पडेपर्यंत बघितली. पडला तेव्हा हात पुढं केला.”

मग जाता जाता म्हणाल्या, “पण तो पोरगा सांगत होता, दिवाळीनंतर चाळीसची योजना बंद करणार आहेत. मग शंभरचं घ्यावंच लागेल. तेव्हा भाड्यानंच ठेवू ना?”

“भाड्यानंच ठेवा,” मी म्हटलं. आतून खोकल्याचा आवाज आला.