आधी गार पाणी, मग पुडी

मार्च सरत आला की आमच्या अमरावतीच्या बाजूला पोल्ट्रीच्या दुकानांत क जीवनसत्त्वाची पाकिटं पुढच्या फळीवर येतात. लेअर पक्षी सांभाळणारे बहुतेक जण ती नेतात, मीही नेते. त्याच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. पण पुडी टाकली की उन्हाळा निभावला, हा जो समज पसरलाय, तो पक्ष्यांच्या जिवावर उठतो.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती पंख अंगापासून सैल सोडते, चोच उघडी टाकते आणि धापा टाकू लागते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट त्यातूनच बनतं. त्यात उन्हामुळे खाणंही कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी. मग ट्रे भरताना बोट जरा दाबलं गेलं तरी अंडं तडकतं आणि असा माल व्यापारी पडेल भावात मागतो.

आपल्याला क जीवनसत्त्व आवळ्या-संत्र्यातून मिळवावं लागतं. कोंबडी ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. म्हणून एरवी तिला ते बाहेरून द्यावं लागत नाही. उन्हाच्या ताणात मात्र घरचं पुरत नाही. वरून दिलं तर ताणाचं संप्रेरक आटोक्यात राहायला आणि ड जीवनसत्त्व कामाला लागायला मदत होते, कवच थोडं सुधारतं. टनभर खाद्याला 200 ते 250 ग्रॅम शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल हे नेहमीचं प्रमाण. काही गिऱ्हाइकं धास्तावून विचारतात, अंड्यात औषध उतरतं का? हे प्रतिजैविक नव्हे. खुशाल खा.

अडचण अशी की हे जीवनसत्त्व फार नाजूक आहे. उष्णता, उजेड, तांबं-लोखंड, पाण्यातलं क्लोरीन, सगळ्यांनी ते नासतं. पत्र्याखाली महिनाभर पडलेल्या खाद्यात साधी पूड कितीशी उरणार? आवरण दिलेला प्रकार जास्त टिकतो. पाण्यातून द्यायचं तर भल्या पहाटे, ताज्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात कालवावं आणि दोन-तीन तासांत संपेल एवढंच करावं.

आणि पाणी! भर दुपारी कुठल्याही शेडात जा आणि निपलखाली तळहात धरा. टाकी गच्चीवर, काळी, उघड्या उन्हात; नळी पत्र्यालगत. हातावर पडणारं पाणी चक्क कढत असतं. उन्हाळ्यात पक्ष्याला एरवीच्या दुपटीहून जास्त पाणी लागतं आणि नेमकं तेव्हाच तो चोच मागे घेतो. अशा पाण्यात महागातली पुडी विरघळवून काय साधणार? टाकीवर सावली करा, तिला ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारी नळीतलं तापलेलं पाणी सोडून द्या. पत्र्याला चुना मारा किंवा वर पाचट अंथरा. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी घाला, दुपारी नको. संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्याची भरड मिसळा, कारण कवच मुख्यतः रात्री बनतं. हे सगळं केलेल्या शेडात पुडी आपलं काम करते.

राहता राहिली वीज. पंखे आणि फॉगर बंद पडले की तासाभरात शेडात मरतूक सुरू होते, आणि आमच्या भागात वीज जाते ती नेमकी दुपारीच. ज्याची ऐपत आहे तो जनरेटर ठेवतो. हजार-दोन हजार पक्ष्यांचा छोटा शेतकरी पुडीच्या भरवशावर बसतो. वीज वितरण करणाऱ्यांना माझी विनंती आहे : एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार या वेळेत कोंबड्यांची शेडं असलेल्या फीडरवरची वीज तोडू नका. दुरुस्तीसाठी बंद करावीच लागली, तर आदल्या दिवशी कळवा.