पाण्याने घडवलेला दगड



हिवाळा सरण्यापूर्वीचा एक शनिवार साधून आम्ही चार कुटुंबे शारजाहून फुजैराच्या डोंगरांत गेलो होतो. या पर्वतरांगेचे नावच ‘हजर’, म्हणजे दगड. एका वादीत काळपट खडकांमध्ये निळसर पाण्याचे डबके दिसले. काठाशी दूध सांडून गोठावे तसे पांढरे थर होते. मुलांनी स्पर्श केला, तर तो दगड निघाला, हलका, छिद्राछिद्रांचा.

या खडकाला ट्रॅव्हर्टाईन म्हणतात. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालत असू आणि ती दुधाळ होत असे. इथे तेच घडते. हजरचा खडक मूळचा समुद्रतळाखालचा, सुमारे ९.५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि पुढे भूहालचालींनी अरबस्तानावर चढलेला. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून खोल उतरते, हवेपासून तुटते आणि दीर्घकाळ खडकाच्या सहवासात राहून चुन्याच्या निवळीसारखे तीव्र अल्कधर्मी होते. त्याचा सामू ११ च्याही वर जातो. झऱ्यावाटे ते उघड्यावर आले की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते. पृष्ठभागावर सायीसारखा पापुद्रा धरतो, तुटतो, तळाशी बसतो. त्यात पाने व काटक्या गाडल्या जातात. पुढे त्या कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरतात.

हवेतील कार्बन असा दगडात कायमचा बंदिस्त होतो. हाच नैसर्गिक मार्ग वेगाने चालवून पाहण्याचा प्रकल्प २०२३ साली फुजैरामध्ये जाहीर झाला: कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून याच जातीच्या खडकात सोडायचा.

“हे पाणी प्यायचे का?” एका मुलीने विचारले. नाही. ते त्वचेला व डोळ्यांना झोंबणारे असते. पण हा नकार पाण्याचा स्वतःचा आहे आणि तो सर्वांना सारखाच आहे. मग आम्हाला महाड सांगावेच लागले. चवदार तळ्याच्या पाण्याने कोणालाही नाकारले नव्हते. १९२४ साली नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह जाऊन ओंजळ भरावी लागली आणि न्यायालयाचा अंतिम निकाल हाती येण्यास १९३७ साल उजाडले. नळ उघडताच समुद्राचे गोडे केलेले पाणी मिळणाऱ्या आमच्या मुलांना हा इतिहास दूरचा वाटतो. त्या दिवशी तो थोडा जवळ आला.

वाचकांना एक विनंती. अशा झऱ्यांपाशी गेलात तर पांढऱ्या थरांवर पाय देऊ नका, साबण वा अन्न पाण्यात सोडू नका. थरांची वाढ अतिशय सावकाश होते. तो मोडायला एक पाऊल पुरते.

निघताना एका मुलाच्या खिशात पानाचा ठसा उमटलेला तुकडा सापडला. त्याच्या हातानेच आम्ही तो काठावर परत ठेवला.