मुक्कामाची अक्षयनीवी

कार्तिक लागला की अलिबाग-रोह्याकडच्या दिंड्या खोपोलीची वाट धरतात आणि बोरघाट चढून आळंदीला माउलींच्या समाधी सोहळ्याला पोहोचतात. चैत्रात त्याच घाटाने आगरी-कोळ्यांच्या पालख्या कार्ल्याच्या एकवीरेकडे निघतात. वाटेतली रात्र कधी एखाद्या घराच्या ओटीवर सरते, कधी देवळाच्या सभामंडपात, कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कधी टेम्पोतून आणलेल्या राहुटीत, आणि गाठीला पैसे असतील तर मंगल कार्यालयात किंवा भक्तनिवासात. यांतल्या प्रत्येक मुक्कामाला तेच जुने प्रश्न चिकटलेले आहेत: वाटसरूला जागा कोण देणार, ती कोणाला मिळणार, आणि बांधणारा गेल्यावर तिची निगा कोण राखणार?

एकवीरेचे देऊळ बौद्ध चैत्यगृहाच्या दारातच उभे आहे. चौलसारख्या बंदरांतून घाटमाथ्यावर जाणाऱ्या व्यापारी वाटांच्या आधाराने ही लेणी वाढली. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथे वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक गाव लावून दिले. नाशिकच्या लेण्यातला त्याचा लेख याहून बोलका आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने चौसोपी विश्रामगृहे दिली, डहाणूच्या नदीसह अनेक नद्यांवर फुकट तरी चालवल्या, काठांवर पाणपोया घातल्या. पण माझ्या मते त्याचे खरे शहाणपण भिक्षूंसाठी ठेवलेल्या ३००० कार्षापणांत आहे. ही रक्कम त्याने विणकरांच्या श्रेणींकडे अक्षयनीवी म्हणून गुंतवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर गरजांचा खर्च भागवायचा. दात्याचे राज्य बुडाले तरी दान चालू राहावे, अशी ती तजवीज होती.

पुढे नाना फडणविसांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले; अहिल्याबाईंच्या धर्मशाळा तर देशभर पसरल्या. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी आली, आणि जो घाट चढण्यापूर्वी रात्रभर थांबावे लागे तो काही तासांचा झाला. चालणारे मात्र चालतच राहिले. राज्यकर्त्यांची नजर तेवढी त्यांच्यावरून हटली.

आणि तरीही पुण्यासाठी उघडलेले दार सर्वांसाठी उघडे नव्हते, हे सांगितल्याशिवाय धर्मशाळांचा गौरव अपुरा, किंबहुना खोटा ठरेल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने अस्पृश्यांना सार्वजनिक जागा खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला, त्यात सार्वजनिक पाणवठे आणि विहिरींच्या जोडीने धर्मशाळांचाही उल्लेख होता. अलिबाग-रोह्याच्याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर याच लोकांना मार खावा लागला, यावरून कागदावरचा हक्क आणि उंबरठ्यावरचा हक्क यांतले अंतर कळते. उंबरठ्यावरचा हा अडसर ओळखूनच गाडगेबाबांनी पंढरपुरात आधीच चोखामेळा धर्मशाळा उभारली होती आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली.

आज किनाऱ्यावर छपरांची वाण नाही. मांडवा ते हरिहरेश्वर फार्महाऊस, होमस्टे, रिसॉर्ट यांची रांग लागली आहे. पण ती शनिवार-रविवारच्या पाहुण्यासाठी आहे, आणि ज्या वाड्यांच्या ओट्या पूर्वी दिंडीला मोकळ्या होत त्यांपुढे आता कुंपणाच्या भिंती आल्या आहेत. स्पेनच्या गॅलिशिया प्रांताने १९९३च्या पवित्र वर्षापासून सांतियागोच्या वाटेवर सरकारी यात्रीनिवासांची साखळी उभी केली, कारण चालणाऱ्याचा मुक्काम हा रस्त्याचाच भाग आहे हे तिथल्या शासनाने मानले. आपल्याकडे सभागृहे बांधली जातात, कोनशिला बसतात, आणि काही वर्षांत शौचालयाला कुलूप लागते. त्याचा पहिला चटका दिंडीतल्या बायकांना बसतो. गावच्या सभागृहाचे पाणी, वीजबिल आणि सफाई कोणत्या कायम ठेवीतून भागणार, हे या वाटेवरच्या प्रत्येक ग्रामसभेने पुढच्या कार्तिकाआधी ठरवून घ्यावे.