गाळणी मोठी, चहा तेवढाच

आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाणी येतं पहाटे साडेपाचला. म्हणजे मी लेख मेल करून आडवी झाले की तासाभरात! बादल्या कोणी भरायच्या यावर रूममेटशी रोज टॉस. गेल्या आठवड्यात मी हरले आणि नळाला आलं चक्क कटिंग चहाच्या रंगाचं पाणी. सोसायटीची टाकी धुतलेली नव्हती, हे नंतर कळलं. आम्ही मात्र लगेच हप्त्यावर आरओ घ्यायचं ठरवून मोकळ्या!

'कशाला गं?' सिव्हिल इंजिनिअर मित्र म्हणाला. 'मुंबईला धरणांचं पाणी. त्यात क्षार मुळातच कमी. आरओ निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो.' मग त्याने भांडुपवर शिकवणीच घेतली. तिथलं जुनं जलशुद्धीकरण केंद्र दिवसाला १,९१० दशलक्ष लिटरचं, चाळिशी ओलांडलेलं. पावसाळ्यात धरणांतून गढूळ पाणी येतं. रसायन घालून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचं, क्लोरीन द्यायचं, आणि हे चोवीस तास. बंद ठेवून दुरुस्ती करावी तर निम्म्या शहराचे नळ कोरडे! म्हणून महापालिकेने तिथे २,००० दशलक्ष लिटरचं नवं केंद्र बांधायला घेतलंय.

'म्हणजे आता पाणी वाढणार?' मी खूश.

'अगं, गाळणी मोठी घेतली म्हणून चहा वाढतो का?'

हा डायलॉग मी स्वयंपाकाच्या मावशींना ऐकवला. त्या शहापूरच्या. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं त्यांच्याच तालुक्यात. पोळी उलटत त्या म्हणाल्या, 'धरण आमच्याकडेच आहे ताई. उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर टँकर येतो.'

मी गप्प. पाणी खरंच वाढवायचं तर गारगाईसारखं नवं धरण, म्हणजे आणखी कुणाची तरी गावं पाण्याखाली. भांडुपचं नवं केंद्र हवंच, त्यात वाद नाही. पण त्याच्या भरवशावर मी अर्धा तास शॉवर चालू ठेवला, तर त्याचं बिल कुठल्यातरी पाड्यावर जाणार.

आरओ कॅन्सल. सेक्रेटरींच्या मागे लागून टाकी धुऊन घेतली. टॉस मात्र चालूच आहे. काल परत हरले. पण बादली वाहायच्या आत नळ बंद केला.

तुमचा बंद आहे ना?